देव आनंदची आई त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान होती

या आठवड्याचा एपिसोड ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडेल, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना येणारे ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ जरा कमी केलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.

सुरुवात आमच्या घरच्या सोफ्यावरून. रविवारची दुपार, जेवणं झालेली, टीव्हीवर ‘जॉनी मेरा नाम’ लागलेला. १९७० चा सिनेमा. देव आनंद, हेमा मालिनी, प्राण. आई टीव्ही बघतेय, मी मोबाइल. सुलोचनाबाई पडद्यावर आल्या आणि आई म्हणाली, “अगं, या देव आनंदपेक्षा लहान होत्या, माहितीये का तुला?”

मला वाटलं, आई काहीतरी ऐकीव सांगतेय. लगेच शोधलं. देव आनंदचा जन्म १९२३ चा. सुलोचना लाटकरांचा १९२८ चा. सिनेमात त्यांना दोन मुलं आहेत. एक देव आनंद, दुसरा प्राण. प्राण जन्मला १९२० साली. म्हणजे एक मुलगा आईपेक्षा पाच वर्षांनी मोठा आणि दुसरा आठ वर्षांनी!

मी पडले सॉफ्टवेअरवाली. असं काही दिसलं की माझे हात शिवशिवतात. स्प्रेडशीट उघडली आणि चार कॉलम केले. सिनेमा, आई झालेल्या नटीचं जन्मसाल, मूल झालेल्या कलाकाराचं जन्मसाल, आणि शेवटी वजाबाकी. आईला विचारत गेले, ती सिनेमे सांगत गेली, मी भरत गेले.

‘सुजाता’, १९५९. आई पुन्हा सुलोचनाबाई, मुलगी नूतन. फरक ८ वर्षं. दुसरी मुलगी शशिकला, तिच्यात आणि आईत ४ वर्षं.

‘मैंने प्यार किया’, १९८९. आई रीमा लागू, मुलगा सलमान खान. फरक ७ वर्षं. रीमाताई तेव्हा ३१ वर्षांच्या होत्या.

‘अग्निपथ’, १९९०. आई रोहिणी हट्टंगडी, मुलगा अमिताभ बच्चन. इथे वजाबाकीचं उत्तर उणे येतं. आई मुलापेक्षा लहान.

‘वास्तव’, १९९९. रीमा लागू आणि संजय दत्त. फरक १ वर्ष.

आणि या सगळ्यांच्या वर ‘मदर इंडिया’, १९५७. नर्गिसचा जन्म १ जून १९२९. तिच्या मुलाचं काम करणाऱ्या सुनील दत्तचा ६ जून १९२९. फरक ५ दिवस. पुढच्याच वर्षी दोघांनी लग्न केलं, हे तर तुम्हाला माहीत असेलच.

‘मदर इंडिया’ आला तेव्हा नर्गिस २८ वर्षांची होती. मी आत्ता २८ चीच आहे. ऑफिसात मला अजून ‘ज्युनियर’च्या वर्गात धरतात. आणि या वयात ती अख्ख्या देशाची आई होऊन, केस पिकवून, बंदूक घेऊन उभी होती. ती भूमिका मोठीच आहे, त्यात वाद नाही. पण ती स्प्रेडशीट बघताना मला एक गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली. आपल्या सिनेमात वयस्कर बाईची भूमिका होती, वयस्कर बाई मात्र बऱ्याचदा नव्हतीच. तरुण बाईच्या केसांना पांढरा रंग लावून ती जागा भरली जायची.

मग खऱ्या वयाची बाई, स्वतःच्या गोष्टीसकट, पडद्यावर आली कधी? आजचा विषय तो.

हिरोइनच्या कॉलममधून आईच्या कॉलममध्ये

लीला चिटणीसांपासून सुरू करू. १९०९ चा जन्म, धारवाडचा. पदवीधर बाई, आणि त्या काळात सिनेमात आल्या. बॉम्बे टॉकीजच्या ‘कंगन’, ‘बंधन’, ‘झूला’ या सिनेमांत त्या अशोक कुमारच्या नायिका होत्या. १९३९, १९४० आणि १९४१, ओळीने तीन वर्षं. लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकलेली पहिली भारतीय नटी म्हणजे लीला चिटणीस. थोडक्यात काय, टॉपची स्टार.

आता पुढची सात वर्षं पुढे ढकला. १९४८ चा ‘शहीद’. लीलाबाई दिलीप कुमारच्या आई. १९५१ चा ‘आवारा’, राज कपूरच्या आई. १९६५ चा ‘गाइड’, देव आनंदच्या आई. त्या काळातल्या तिन्ही मोठ्या हिरोंची आई एकच बाई!

आणि अशोक कुमार? तो लीलाबाईंपेक्षा फक्त दोन वर्षांनी लहान. लीलाबाई आई झाल्या त्याच्या पुढच्या वर्षी, १९४९ मध्ये, ‘महल’ आला. हिरो अशोक कुमार, वय ३८. हिरोइन मधुबाला, वय १६. १९५८ च्या ‘हावडा ब्रिज’मध्ये पुन्हा तीच जोडी.

एकाच सिनेमात शेजारी शेजारी उभे असलेले दोघं. दहा वर्षांत तो तिथेच, आणि ती एक पिढी पुढे. यासाठी कुणी नियम लिहिला नव्हता. पण लीलाबाईंचं लग्न झालेलं, मुलं झालेली, तिशी उलटलेली. निर्मात्यांच्या डोक्यातला हिशेब तेवढ्यावर पूर्ण व्हायचा.

कुणी म्हणेल, पुरुषही तरुणपणी म्हातारे झालेत की! बरोबर आहे. १९८४ च्या ‘सारांश’मध्ये शिवाजी पार्कातले ते म्हातारे मराठी नवरा-बायको आठवा. अनुपम खेर आणि रोहिणी हट्टंगडी, दोघंही तेव्हा तिशीच्या आसपास. दोघांनी कमाल काम केलंय. पण पुढच्या वीस वर्षांत अनुपम खेर व्हिलन झाले, कॉमेडियन झाले, बाप झाले, प्रोफेसर झाले. रोहिणीताईंना हिंदीत प्रामुख्याने काय मिळालं? आई. ‘गांधी’तल्या कस्तुरबासाठी ज्या बाईला बाफ्टा मिळाला होता, तिला!

डोळा गेला, भूमिका मोठी झाली

ललिता पवारांची गोष्ट वेगळी आहे, आणि ती मला जास्त आवडते.

येवल्यात १९१६ साली जन्म. तीसच्या दशकात नायिका, स्वतः निर्मातीसुद्धा. १९४२ मध्ये ‘जंग-ए-आझादी’च्या शूटिंगला एका सीनमध्ये थप्पड खायची होती. समोर भगवानदादा होते. हात जोरात लागला. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली. तीन-एक वर्षं उपचार चालले. वय २६. हिरोइनचं करिअर तिथेच संपलं.

बहुतेकांच्या गोष्टीत इथे ‘द एंड’ येतो. ललिताबाईंनी तो बारीक झालेला डोळाच वापरायला घेतला. हिंदी सिनेमातली खाष्ट सासू म्हटलं की आजही डोळ्यासमोर कोण येतं? बरं, फक्त खाष्टच नाही. १९५५ च्या ‘श्री ४२०’मधली केळेवाली आठवा. फुटपाथवर बसून केळी विकणारी, राज कपूरला दोन केळ्यांच्या भावावरून झापणारी आणि मग त्याला जीव लावणारी. १९५९ च्या ‘अनाडी’तली मिसेस डिसा, भाडेकरूवर ओरडता ओरडता त्याची काळजी घेणारी. या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअर मिळालं. आणि १९८७ मध्ये, वयाच्या सत्तरीत, रामानंद सागरांच्या ‘रामायण’मध्ये मंथरा.

गंमत बघा. सोशिक आईला पडद्यावर करायला काय असायचं? रडणं, वाट बघणं, देवापुढे उभं राहणं. वाईट सासूला मात्र डोकं होतं, डाव होते, राग होता. सज्जन म्हाताऱ्या बाईपेक्षा दुष्ट म्हाताऱ्या बाईला आपल्या सिनेमाने जास्त स्वातंत्र्य दिलं.

दुर्गाबाई खोटे मात्र माझ्या स्प्रेडशीटला न जुमानणाऱ्या. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ या पहिल्या मराठी बोलपटातली तारामती म्हणजे त्या. १९६० च्या ‘मुघल-ए-आझम’मध्ये जोधाबाई झाल्या तेव्हा त्या खरोखर ५५ वर्षांच्या होत्या. सलीम झालेला दिलीप कुमार १७ वर्षांनी लहान, अकबर झालेले पृथ्वीराज कपूर जवळपास त्यांच्याच वयाचे. सगळे आकडे पटण्यासारखे. आणि दुर्गाबाई नुसत्या भूमिकांची वाट बघत बसल्या नाहीत, स्वतःची निर्मिती संस्था काढली. १९८८ मध्ये दूरदर्शनवर आलेली ‘वागले की दुनिया’ दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची. तोपर्यंत दुर्गाबाईंनी ऐंशी ओलांडली होती.

या सगळ्या मराठीच कशा?

नावं परत वाचा. दुर्गा खोटे, लीला चिटणीस, ललिता पवार, सुलोचना, रीमा लागू, रोहिणी हट्टंगडी. हिंदीत निरुपा रॉय आहेत, कामिनी कौशल आहेत, तरी आईच्या खुर्चीत मराठी बायकांची एवढी लांब रांग का?

एक कारण स्टुडिओ. बोलपट आले तेव्हा प्रभातसारख्या कंपन्या एकच सिनेमा मराठीत आणि हिंदीत असा दोनदा काढायच्या. मराठी नटीला हिंदी आपोआप यायला लागलं. सुलोचनाबाई घडल्या कोल्हापुरात, भालजी पेंढारकरांच्या हाताखाली. दुसरं कारण रंगभूमी. रीमाताई मराठी नाटकातून आल्या, त्यांची आईसुद्धा नाटकात होती. रोहिणीताई राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या. तालमीत तयार झालेली, वय अंगावर चढवता येणारी नटी हिंदीला हवी होती, आणि ती मुंबईतच मिळत होती.

तिसरं कारण पैसा. मराठी सिनेमाचं मार्केट लहान. सुलोचनाबाई इकडे ‘वहिनींच्या बांगड्या’ची नायिका, ‘मोलकरीण’ची मध्यवर्ती भूमिका. आणि तिकडे हिंदीत हिरोच्या मागे उभी राहणारी आई.

हे सगळं मी आईला तावातावाने सांगत होते. किती अन्याय वगैरे. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “पण त्यांची कामं वाया गेली असं म्हणू नकोस हं. तुम्ही वय मोजताय. आम्ही त्यांच्याकडे बघून रडायचो.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही पूर्ण नाही. कारण ‘वास्तव’चा शेवट मीही बघितलाय. आई मुलावर गोळी झाडते. ‘मदर इंडिया’तही आई मुलावर गोळी झाडते. मधे ४२ वर्षं गेली, तरी आईच्या वाट्याला येणारा सगळ्यात मोठा सीन तोच राहिला. आणि त्या एका सीनसाठी रीमाताईंनी जे केलंय, ते वय मोजून कळत नाही. त्यामुळे दोन्ही खरं आहे. जागा अपुरी होती, आणि त्या जागेत या बायकांनी डोंगर उभे केले.

सासूचे दिवस

बदल आधी सिनेमात नाही झाला. टीव्हीवर झाला. का? कारण टीव्हीसमोर संध्याकाळी रिमोट कुणाच्या हातात असतो, हे चॅनेलवाल्यांना बरोबर कळलं होतं.

नव्वदच्या दशकात ‘तू तू मैं मैं’ आली. सासू रीमा लागू, सून सुप्रिया पिळगावकर. तीच रीमाताई, जी सिनेमात डोळे पुसत होती, इथे टोमणे मारत होती, डाव टाकत होती, फजितही होत होती. तिला विनोद करायची परवानगी मिळाली. दोघींच्या वयात खरा फरक ९ वर्षांचा, म्हणजे वजाबाकी इथेही गंडलेलीच. पण अर्धी गोष्ट सासूची होती.

मग २००० साली ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’. तिथे नायिका लीप घेत घेत तिशीच्या आसपासच आजी झाली. मेकअप जवळपास तोच, नातवंडं मोठी.

मराठीत २००१ पासून ई टीव्हीवर ‘चार दिवस सासूचे’. सासू रोहिणी हट्टंगडी. तीन हजारांहून जास्त भाग, अकरा वर्षांहून जास्त काळ! माझी अख्खी शाळा त्या मालिकेत गेली. आजीचं जेवण, बाबांच्या बातम्या, सगळं तिच्या वेळेनुसार. ज्या नटीला हिंदी सिनेमाने हिरोची आई करून बाजूला ठेवलं होतं, ती रोज रात्री घराघरात मुख्य भूमिकेत होती. कोड्यात काम करणारे म्हणतील, सिस्टीमने टाकलेला रिसोर्स दुसऱ्या सिस्टीमने उचलला!

पण या सासूची सत्ता कुठपर्यंत? उंबरठ्यापर्यंत. किल्ल्या कुणाच्या, स्वयंपाक कुणाचा, मुलगा कुणाचा. तिला स्वतःला काय हवंय, हे कुणी विचारत नव्हतं. तीही विचारत नव्हती.

तो प्रश्न सिनेमाने एकदा हळूच विचारला होता. २००४ चं मराठीतलं राष्ट्रीय पारितोषिक मिळालेला ‘उत्तरायण’. नीना कुळकर्णी आणि शिवाजी साटम, उतारवयात पुन्हा भेटलेली दोन माणसं. सुंदर सिनेमा, पण घराघरात पोहोचला नाही.

घराघरात पोहोचली जुलै २०१९ मध्ये झी मराठीवर आलेली ‘अग्गंबाई सासूबाई’. निवेदिता सराफ. म्हणजे ‘धूमधडाका’ आणि ‘अशी ही बनवाबनवी’मधली हिरोइन, आता पन्नाशी पार केलेली. तिने केलेली आसावरी विधवा आहे. सासरे, मुलगा आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये तिचा दिवस संपतो. आणि तिची सून शुभ्रा ठरवते की सासूचं लग्न लावायचं. गिरीश ओक शेफ अभिजित राजे. विरोध कोण करतं? पोटचा मुलगा.

आमच्या घरात या मालिकेवर वाद झाला. मावशी म्हणाली, “या वयात कशाला ही थेरं?” आई काही बोलली नाही, पण एकही भाग चुकवला नाही. ज्या गोष्टीवर घरात कुणी तोंड उघडत नव्हतं, त्यावर चहा पिता पिता बोलणं सुरू झालं, ते एका सीरियलमुळे.

माझी एकच तक्रार आहे. आसावरीच्या इच्छेला दार उघडून दिलं सुनेने. म्हणजे वयस्कर बाईने सुख मागायचं, तर तरुण कुणीतरी हात धरायला हवं. तरी पण दार उघडलं, हे खरं.

सात जणी, मग सहा जणी

नोव्हेंबर २०२१. कोविडनंतर थिएटरं नुकतीच उघडलेली, तीही अर्ध्या क्षमतेने. अशा वेळी हेमंत ढोमेचा ‘झिम्मा’ आला. सात बायका इंग्लंडच्या टूरवर जातात. त्यात सत्तरी पार केलेल्या सुहास जोशी आहेत, निर्मिती सावंत आहेत. सिनेमा चालला, दुसरा भागही निघाला.

मग ३० जून २०२३. केदार शिंदेंचा ‘बाईपण भारी देवा’, पटकथा वैशाली नाईक यांची. दुरावलेल्या सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात. त्यात रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सुकन्या मोने. हिरो नाही. ७५ कोटींच्या पुढे कमाई, त्या वर्षीचा सगळ्यात जास्त चाललेला मराठी सिनेमा. बायका नऊवारी नेसून, गॉगल लावून, ग्रुपने थिएटरात गेल्या. ते रील्स तुम्ही पाहिलेच असतील.

आमच्या बिल्डिंगमधून आईची भिशी गेली. नऊ जणी, दोन रिक्षा आणि एक कार. रात्री आई घरी आली तर आवाज बसलेला. मी विचारलं, एवढं काय आवडलं? ती चप्पल काढता काढता म्हणाली, “त्यात मुलं होती गं, पण मुलांची गोष्ट नव्हती.”

माझ्या चार कॉलमच्या स्प्रेडशीटला या सिनेमात काही कामच नव्हतं. वजा करायचं कुणाचं वय कुणातून? गोष्टच त्यांची होती.

आता सगळं छान झालं, असं म्हणून मी हा एपिसोड संपवणार नाही. हे सगळं घडलं कारण आईसारख्या बायकांनी तिकीट काढलं. त्या प्रेक्षक आहेत, हे आकड्यात दिसलं तेव्हा निर्माते हलले. पण तिकीट काढणारी बाई बहुतेक मध्यमवर्गीय आहे, म्हणून पडद्यावरची साठीची बाईही तिच्यासारखीच. फ्लॅट आहे, पैठणी आहे, टूरला जायला पैसे आहेत. १९५५ मध्ये ललिता पवारांची केळेवाली फुटपाथवर बसून राज कपूरशी घासाघीस करत होती. आमच्या स्टेशनबाहेर आजही एक आजी भाजी घेऊन बसतात, यूपीआयचा क्यूआर कोड लावून. त्यांच्यावर सिनेमा कुठाय? त्या तिकीट काढत नाहीत, म्हणून त्यांची गोष्टही नाही?

सुलोचनाबाई जून २०२३ मध्ये गेल्या, ९४ व्या वर्षी. ‘बाईपण भारी देवा’ यायच्या महिनाभर आधी. आयुष्यभर इतरांच्या आया झालेल्या त्या बाईंना हाउसफुलच्या त्या पाट्या बघायला मिळायला हव्या होत्या, असं मला राहून राहून वाटतं.

तर, या आठवड्यात एक काम करा. घरात आई, आजी, मावशी, कुणीही असेल, तिला विचारा, पडद्यावर तुला तुझ्यासारखी वाटलेली बाई कोणती? उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघा. आमच्याकडे बराच वेळ लागला. मग आई म्हणाली, “‘श्री ४२०’ची केळेवाली.” मी म्हटलं, तू कुठे केळी विकतेस? तर म्हणाली, “ती कुणाला घाबरत नव्हती.”

तुमच्या घरचं उत्तर कॉमेंटमध्ये लिहा. पुढच्या एपिसोडमध्ये वाचून दाखवेन. भेटूया!